मोटारीची ठिणगी कुठे हरवते?

मे महिन्यातली नागपूरची दुपार डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांवर गेला आहे. वर्धा रोडने आलेली एखादी जुनी पद्मिनी किंवा अँबॅसडर बर्डीच्या गर्दीत अडकते, दहा मिनिटे मुंगीच्या पावलांनी सरकते आणि दोनचार आचके देऊन बंद पडते. स्टार्टर फिरतो, पण एंजिन काही सुरू होत नाही.

भोवती जमलेल्या मंडळींत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “उन्हाने पेट्रोलची वाफ झाली, पंपावर ओले फडके टाका.” दुसरा म्हणतो, “छे हो, कॉइल तापली, पाणी कॉइलवर मारा.” कोणीतरी दोन्ही करते. वीस मिनिटांनी मोटार सुरू होते आणि दोन्ही पक्ष आपापला सल्ला खरा ठरल्याच्या आनंदात घरी जातात.

पण खरे कोण होते? प्रयोगशाळेत तुम्ही एक नियम शिकला आहात : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे पंपही थंड झाला, कॉइलही थंड झाली आणि मधल्या वीस मिनिटांत सगळे एंजिनही थोडे निवले. त्यामुळे मोटार चालू झाली तरी दोष कळला नाही. उद्या मालक धडधाकट कॉइल काढून नवी बसवील, पैसे खर्च होतील आणि परवा मोटार पुन्हा त्याच चौकात उभी राहील.

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी ठिणगी आहे की नाही, आणि नसेल तर वाटेत कुठे हरवली, हे घरच्या घरी थोड्या साधनांनी शोधता येते. ते कसे, हे आज पाहू. मात्र साधने हाती घेण्यापूर्वी ठिणगी तयार कशी होते हे समजले पाहिजे.

१२ व्होल्टचे २०,००० कसे होतात?

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. हवेतून एक मिलिमीटर ठिणगी उडवायलाही सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. मग हा दाब येतो कुठून?

याचे उत्तर मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये लावलेल्या शोधात आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो; आणि क्षेत्र जितक्या झटकन बदलेल तितका हा दाब अधिक. मोटारीच्या कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळे जाड तारेचे, काहीशे वेढ्यांचे. दुय्यम वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो वेढ्यांचे.

बॅटरीचा प्रवाह प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठते. मग ‘पॉइंट’ नावाची दोन धातूंची टोके एकदम विलग होतात, प्रवाह तुटतो आणि क्षेत्र क्षणात कोसळते. त्या झटक्याने प्राथमिक वेटोळ्यातच दोनतीनशे व्होल्ट उमटतात. दुय्यम वेटोळ्याचे वेढे साधारण शंभरपट असल्याने तिथे वीस हजार व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. म्हणजे ठिणगी प्रवाह जोडल्याने पडत नाही, तोडल्याने पडते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सारा शोध त्यावर उभा आहे.

पॉइंट विलग होताना प्रवाह त्या फटीतूनच उडी मारू पाहतो. तसे झाले तर क्षेत्र हळू कोसळेल आणि पॉइंटही जळतील. म्हणून पॉइंटांना समांतर एक छोटे संधारित्र, म्हणजे कंडेन्सर, जोडलेले असते. ते हा प्रवाह क्षणभर आपल्याकडे वळवून घेते.

ही रचना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारींत रूढ केली. त्यांच्या डेटन शहरातील संस्थेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले. आपल्याकडचे जुने मिस्त्री ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कंपनीचे नाव असे आपल्या गॅरेजांत रुळून बसले आहे!

या डेल्कोच्या पोटात पॉइंट असतात आणि झाकणाखाली रोटर नावाचा फिरता हात. कॉइलकडून आलेला उच्च दाब रोटर पाळीपाळीने चारही सिलिंडरच्या प्लगना वाटतो. पाळी मात्र १-२-३-४ अशी नसते. बहुतेक चार सिलिंडरच्या एंजिनांत ती १-३-४-२ अशी असते.

आता एक हिशेब करू. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर डेल्को त्याच्या निम्मे, म्हणजे १,५०० फेरे घेतो. दर फेऱ्याला चार ठिणग्या, म्हणजे मिनिटाला ६,००० आणि सेकंदाला १००. एका ठिणगीच्या वाट्याला येतो सेकंदाचा शंभरावा भाग. त्यातल्या जेमतेम दोनतृतीयांश वेळात पॉइंट मिटलेले असतात आणि तेवढ्यातच कॉइलमध्ये प्रवाह भरायचा असतो.

मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीत हीच रचना होती. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टॅक्सीच्या सेवेतून गेली, तर अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. तरीही हौसेने जपलेल्या अशा मोटारी अधूनमधून दिसतात. शिकायला त्यांच्यासारखी दुसरी शाळा नाही, कारण त्यांतला प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहता येतो.

वर्गात करून पहा

प्रवाह तोडल्याने दाब उसळतो, हे पाहायला मोटार लागत नाही. २३० व्होल्टचे ६ व्होल्ट करणारे एक लहान सुटे रोहित्र घ्या. त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूच्या दोन तारांना निऑनचा छोटा दिवा त्याच्या रोधकासह जोडा. स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरमध्ये असतो तसाच हा दिवा. जोडावर पट्टी नीट गुंडाळा. आता ६ व्होल्टच्या बाजूची एक तार दीड व्होल्टच्या साध्या सेलला पक्की जोडा आणि दुसरी तार सेलच्या दुसऱ्या टोकाला टेकवून उचला.

तार टेकवताना दिवा लागत नाही. उचलताना मात्र क्षणभर नारिंगी चमकतो. असे का? निऑनचा दिवा पेटायला साधारण ७० व्होल्ट लागतात. जोडताना मिळणारा दाब फार तर दीड व्होल्टच्या अडतीसपट, म्हणजे ५७ व्होल्ट. तोडताना मात्र क्षेत्र एकदम कोसळते आणि दाब त्याच्या कितीतरी वर जातो.

या प्रयोगात एक पथ्य पाळा. हे रोहित्र घरच्या विजेच्या सॉकेटशी कधीही जोडायचे नाही. तारेची उघडी टोकेही बोटांनी धरू नका. दीड व्होल्टच्या सेलपासूनही चांगलाच चटका बसेल.

आधी काळजी, मग काम

मोटारीवरच्या चाचण्या वडीलधाऱ्या माणसाने किंवा जाणत्या मिस्त्रीने करायच्या. तुम्ही शेजारी उभे राहून पाहायचे आणि नोंदी घ्यायच्या. मोटार उघड्या जागी उभी असावी, कारण बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेऊ शकतो. गिअर सुटा आणि हातब्रेक ओढलेला असावा. ओढणी, सैल बाह्या, लांब केस पंखा व पट्ट्यापासून दूर हवेत. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू एंजिनापासून लांबच राहावे. पेट्रोल गळत असेल किंवा त्याचा वास येत असेल, तर ठिणगीची कोणतीही चाचणी करायची नाही.

चालू एंजिनाच्या प्लगची तार हाताने उपटून पाहण्याची सवय अनेकांना असते. ती वाईट. एकतर धक्का बसतो. दुसरे म्हणजे, ठिणगीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आतल्या आवरणालाच भोक पाडतो.

पहिले साधन : डोळे आणि कान

सर्वांत स्वस्त साधन आपल्याजवळच असते. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर आहे का? एखादी तार ढिली झाली आहे का? डेल्कोच्या झाकणाला आतून केसासारखी काळी रेघ आहे का? पावसाळ्यात दमट हवेने ही रेघ ओलसर होते आणि दाब प्लगकडे जाण्याऐवजी तिच्यावरून एंजिनाच्या धातूत निघून जातो. रात्री अंधारात एंजिन चालू ठेवून दुरून पाहिले, तर चिरलेल्या तारांवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात आणि बारीक टकटक ऐकू येते.

मग प्लग. एंजिन पूर्ण थंड झाल्यावर चारही प्लग काढून क्रमाने मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. तेलकट काळे असेल तर सिलिंडरमध्ये तेल येते आहे. पांढरेफटक असेल तर प्लग फार तापतो आहे. चारही सारखे काळे असतील तर दोष चौघांच्या सामाईक वाटेवर शोधायचा. एकच काळा असेल तर त्या एकाच्या तारेत किंवा सिलिंडरमध्ये. पाहा, अजून एकही उपकरण हाती घेतले नाही आणि शोधाचे क्षेत्र निम्मे झाले.

दुसरे साधन : तारेला जोडलेला दिवा

मोटारीचा १२ व्होल्टचा, ५ वॉटचा बल्ब घ्या. त्याला दोन लांब तारा जोडा. एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. झाली चाचणी-दिव्याची तयारी. चिमटा एंजिनाच्या स्वच्छ धातूला लावायचा. या मोटारींत बॅटरीचे ऋण टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असते, असे इथे गृहीत धरले आहे.

किल्ली चालू करा आणि सळई कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथे किल्लीकडून प्रवाह येतो. दिवा लागला नाही, तर दोष कॉइलच्या अलीकडे : किल्ली, फ्यूज किंवा तार. दिवा लागला, तर पुढे चला.

आता सळई कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावा आणि कोणाला तरी स्टार्टर फिरवायला सांगा. इथे दिवा तीन प्रकारे बोलतो.

दिवा लुकलुकला : पॉइंट मिटले की हे टोक सांगाड्याशी जोडले जाते आणि दिवा विझतो, उघडले की लागतो. म्हणजे पॉइंट आपले काम करत आहेत.

दिवा सतत लागून राहिला : पॉइंट कधी मिटतच नाहीत. त्यांच्यावर मळ असेल, फट फार मोठी असेल किंवा मधली तार तुटली असेल.

दिवा सतत विझलेला राहिला : दोन शक्यता. एक तर कॉइलचे प्राथमिक वेटोळे आत तुटले आहे. नाही तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा कंडेन्सर आतून जोडला गेला आहे. या दोहोंतला खरा दोष ओळखायला पॉइंटकडे जाणारी तार कॉइलपासून सोडवा आणि त्याच टोकावर पुन्हा दिवा लावा. लागला तर कॉइल निर्दोष, दोष डेल्कोत. नाही लागला तर कॉइल तुटली.

एका साध्या बल्बने लावलेला हा निकाल तर्काच्या कसोटीला पूर्ण उतरतो. दर वेळी प्रश्न असा विचारायचा की ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोन्ही उत्तरांनी काहीतरी बाद व्हावे.

तिसरे साधन : मल्टिमीटर

दिवा ‘आहे की नाही’ सांगतो. ‘किती’ ते मल्टिमीटर सांगतो. एंजिन बंद असताना, पूर्ण भारलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. एंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसतील, कारण तेव्हा बॅटरी भारली जात असते.

किल्ली बंद ठेवून व तारा सोडवून कॉइलचा रोध मोजता येतो. जुन्या साध्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो, तर दुय्यम वेटोळ्याचा काही हजार ओहम. नेमका आकडा कॉइलनुसार बदलतो, म्हणून तो मोटारीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा.

आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे वळू. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ३ ओहम असलेले वेटोळे, बाहेरच्या उन्हाने, एंजिनाच्या धगीने आणि स्वतःच्या प्रवाहाने ९० अंशांपर्यंत तापले असे समजा. तापमानातील वाढ ७० अंश. नवा रोध ३ × (१ + ०.००३९ × ७०), म्हणजे सुमारे ३.८ ओहम. १२ व्होल्टला प्रवाह ४ अँपिअरवरून ३.१५ अँपिअरवर उतरतो.

तेवढ्याने काय बिघडले, असे वाटेल. पण चुंबकीय क्षेत्रात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. (३.१५ ÷ ४) चा वर्ग करा : ०.६२ येतो. म्हणजे थंड कॉइलच्या तुलनेत तापलेल्या कॉइलमध्ये ६२ टक्केच ऊर्जा साठते. चांगल्या कॉइलमध्ये राखीव ताकद भरपूर असल्याने ती एवढे सोसते. पण आवरण जीर्ण झालेली कॉइल किंवा फट वाढलेले प्लग असतील, तर त्यांचे पितळ अशाच दुपारी उघडे पडते.

हिवाळ्यात उलट घडते. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे कॉइल थंड, म्हणून तिचा रोध कमी. पण बॅटरीही गारठलेली आणि घट्ट झालेल्या तेलातून एंजिन फिरवताना तिचा दाब ९-१० व्होल्टवर येतो. ९ व्होल्टला ३ ओहममधून ३ अँपिअर वाहतात आणि ऊर्जा ५६ टक्के उरते. म्हणून बॅटरीचा दाब नुसता उभ्या मोटारीत मोजून भागत नाही. स्टार्टर फिरत असतानाही मोजावा. तेव्हा तो साडेनऊ व्होल्टच्या फार खाली गेला, तर दोष ठिणगीच्या रचनेत नसून बॅटरीत, तिच्या जोडांत किंवा स्टार्टरमध्ये आहे.

चौथे साधन : ठिणगी-चाचक

प्लग काढून, तारेला लावून, एंजिनाच्या धातूवर टेकवायचा आणि ठिणगी पडते का पाहायची, ही जुनी रीत. ती पुरेशी का नाही?

प्लगची फट सुमारे ०.७ मिलिमीटर असते. मोकळ्या हवेत ती ओलांडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये दट्ट्याने मिश्रण दाबलेले असते. रेणूंची दाटी झाली की ठिणगीला वाट काढणे कठीण जाते, आणि तिथे त्याच फटीला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणून बाहेर ठिणगी देणारा प्लग आत मुका राहू शकतो. अंगणात पळणारा पैलवान आखाड्यात टिकेलच असे नाही!

यावर उपाय सोपा आहे. आत दाब जास्त असतो, तर बाहेर फट जास्त ठेवायची. ठिणगी-चाचकात सुमारे ५-६ मिलिमीटरची फट असते आणि तिचा चिमटा एंजिनाच्या धातूला पक्का बसतो. तो बाजारात विकत मिळतो. पूर्वीचे मिस्त्री जुन्या प्लगची वाकलेली बाजूपट्टी कापून व त्याला चिमटा जोडून असा चाचक घरीच करीत. वापरताना प्लग आपल्या जागी ठेवूनच त्याची तार चाचकाला जोडायची, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल बाहेर येणार नाही. स्टार्टर फिरताना फटीतून निळी-पांढरी, टणक आवाजाची ठिणगी पडली तर कॉइल ठीक. पिवळसर, बारीक, चुकतमाकत पडली तर दुबळी.

आता बर्डीतल्या वादाचा निकाल लावता येईल. पेट्रोलची वाफ झाल्याने मोटार थांबली असेल, तर तापलेल्या एंजिनावरही चाचकात ठिणगी जोरदार पडेल. कॉइल दोषी असेल, तर ठिणगी गायब किंवा मरगळलेली असेल. अट एकच : चाचणी मोटार बंद पडल्याबरोबर झाली पाहिजे. ओले फडके टाकल्यावर नाही, आणि घरी ढकलत नेऊन संध्याकाळच्या गारव्यात तर नाहीच. दोष हजर असताना त्याची साक्ष काढावी लागते. उन्हात फिरवून आणलेली कॉइल लगेच मोजा आणि सकाळी थंड असताना मोजा; दोन आकडे शेजारीशेजारी लिहा. एका आकड्यापेक्षा या दोन आकड्यांतला फरक जास्त सांगतो.

पाचवे साधन : फीलर गेज आणि टायमिंग दिवा

फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. त्याने पॉइंटची फट मोजतात. ती साधारण ०.४ मिलिमीटर असते. फट जास्त झाली तर पॉइंट कमी वेळ मिटलेले राहतात, कॉइल पुरती भरत नाही आणि एंजिन वेगात असताना चुकू लागते. फट कमी झाली तर पॉइंट जळतात. शिवाय फट बदलली की ठिणगीचा क्षणही सरकतो. म्हणून आधी फट, मग वेळ, हा क्रम मोडायचा नाही.

ठिणगी वेळेवर पडते का, हे टायमिंग दिवा सांगतो. त्याचा चिमटा पहिल्या प्लगच्या तारेभोवती बसतो आणि त्या प्लगला ठिणगी मिळाली की दिवा क्षणभर लखलखतो. एंजिनाच्या पुढच्या चाकावर एक खूण असते. दर लखलखाटाला ती एकाच जागी आलेली असते, म्हणून फिरणारे चाक असूनही खूण थांबलेली दिसते. ती कोणत्या अंशापाशी थांबली, ते वाचायचे.

ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याच्या थोडी आधी पडावी लागते, कारण मिश्रण पेटून पूर्ण जळायला वेळ लागतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात एंजिन सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरते. त्यामुळे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडली पाहिजे. एंजिनाचा वेग वाढवताना खूण सरकताना दिसली, तर ही व्यवस्था चालू आहे असे समजावे.

मात्र सावध! ज्या कारणाने खूण थांबलेली दिसते, त्याच कारणाने वेगाने फिरणारा पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो. या दिव्याच्या प्रकाशात डोळ्यांवर विश्वास ठेवून हात पुढे नेऊ नये.

आजच्या मोटारीत काय?

आजच्या पेट्रोल मोटारींत पॉइंट आणि डेल्को नाहीत. प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो, क्षण संगणक ठरवतो, आणि अनेक मोटारींत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. पण तत्त्व तेच : प्रवाह भरायचा आणि झटक्याने तोडायचा.

अशा मोटारीवर आपला ५ वॉटचा चाचणी-दिवा वापरू नये. तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह ओढतो आणि संगणकाच्या नाजूक तारा तेवढा भार सोसायला केलेल्या नसतात. तिथे मोठा अंतर्गत रोध असलेला डिजिटल मल्टिमीटरच हवा. प्लगची तार किंवा कॉइल चालू एंजिनावर सोडवणेही टाळावे. न जळलेले पेट्रोल धुराड्यात जाऊन धूर शुद्ध करणारे महागडे उपकरण जळू शकते.

त्याऐवजी स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा एक जोड असतो. त्याला छोटे वाचक-यंत्र लावले की संगणकाने नोंदलेले दोष आकड्यांत मिळतात. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकले, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्यात. पुष्कळ जण हा आकडा पाहताच नवी कॉइल आणतात. इथेच घाई होते. यंत्राने दुखते कुठे ते सांगितले, का दुखते ते सांगितले नाही. कॉइल, प्लग, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किंवा दट्ट्याखालचा कमी दाब, यांपैकी काहीही असू शकते.

मग काय करावे? एंजिन बंद व थंड असताना पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदला, बाकी काही हलवू नका, नोंद पुसा आणि मोटार चालवून पुन्हा वाचा. आता ‘पी ०३०२’ आला, तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइलच बदलायची. पुन्हा ‘पी ०३०१’ आला, तर कॉइल निर्दोष; पुढच्या वेळी याच रीतीने प्लग बदलून पाहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे एका पैशाचाही खर्च न करता कॉइलची किंमत वाचवतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. भंगारात निघालेली जुनी कॉइल, डेल्को आणि प्लग मिळाल्यास शाळेच्या प्रयोगशाळेत जरूर आणावेत. त्यांना बॅटरी जोडायची गरज नाही. विद्यार्थ्यांनी मल्टिमीटरने दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजावा, कॉइल काही वेळ उन्हात ठेवून पुन्हा मोजावा आणि दोन आकड्यांवरून कॉइलचे तापमान किती वाढले ते काढावे. तापमापक शेजारी ठेवला तर उत्तर तपासताही येईल.

सांगा पाहू!

१. सकाळी ३.० ओहम दाखवणारे तांब्याचे वेटोळे दुपारी ३.३ ओहम दाखवते. त्याचे तापमान साधारण किती अंशांनी वाढले?

२. मिनिटाला ९०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या एंजिनावर टायमिंग दिवा सेकंदाला किती वेळा लखलखेल?

३. मोटार पावसात भिजल्यावरच बंद पडते आणि वाळली की चालू होते. चाचणी तुम्ही केव्हा कराल, आणि पहिल्यांदा कोणता भाग अंधारात पाहाल?